गोधडीतली बिअर

पहाटे ५.१०

गजर व्हायच्या आधीच जाग आली. जूनमध्ये डर्बीत पाच वाजायच्या आत लख्ख उजाडतं, त्यामुळे घड्याळात पहाट असली तरी खिडकीत सकाळ होऊन गेलेली असते. खालून, गॅरेजमधून, पाणी तापू लागल्याची बारीक घरघर येत होती. रात्री निजताना टायमर लावला होता. अठ्ठावीस लिटर पाणी, पाचला सुरू, सहाला ६९ अंश. तेवढीच तासभर झोप पदरात.

पुढच्या शनिवारी मित्राच्या पन्नाशीची पार्टी आहे आणि ‘बिअर माझ्याकडे लागली’ असं मी मार्चमध्ये चारचौघांत बोलून बसलोय. शब्द दिला तेव्हा वेळ भरपूर होता. तीन आठवड्यांपूर्वी वीस लिटर केलीही. परवा झाकण उघडलं तर वर पांढरी, सुरकुतलेली साय धरलेली. दुधावर तिचं कौतुक होतं, बिअरवर नाही. वास आंबट, चव त्याहून आंबट. वीसच्या वीस लिटर गटारात गेली. चूक कुणाची हे शोधायला लांब जावं लागलं नाही. पिंपाच्या तळाला प्लॅस्टिकची तोटी आहे. ती सुटी करून धुवायची असते. मी आतून पाणी सोडून धुतल्यासारखं केलं होतं आणि पाच मिनिटं वाचवली होती.

तर हातात सात दिवस. एरवी घरच्या बिअरला महिना लागतो, दोन आठवडे पिंपात आणि दोन आठवडे बाटलीत. परवापासून डोक्यात एकच हिशेब चालू आहे : घाई कुठे खपते आणि कुठे खपत नाही. बिअर हलकी करायची, चार टक्क्यांची. कडक बिअर आठवड्यात कच्ची राहते, हिरव्या सफरचंदाच्या फोडीसारखी लागते. बाटल्या भरायच्या नाहीत, स्टीलच्या केगमध्ये ओतून वरून गॅस द्यायचा. नेहमीचं इंग्लिश यीस्ट नाही, नॉर्वेचं घ्यायचं. त्याचं पुढे सांगतो. आणि धुण्यातलं एक मिनिटही कमी करायचं नाही.

पाण्याची तयारी रात्रीच केली होती. अर्धी कॅम्पडेन गोळी चुरून टाकली. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन राहिलं तर बिअरला दवाखान्याच्या कॉरिडॉरचा वास येतो. शिवाय चमचाभर जिप्सम. आमच्यापासून आगगाडीनं पाव तासावर बर्टन-अपॉन-ट्रेंट आहे. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम मुरलेलं असतं, म्हणून हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या कडू फुलांचा, कडवटपणा तिथे कोरडा आणि खणखणीत उतरतो. हिंदुस्थानात फिकी बिअर पाठवण्याचा धंदा आधी लंडनच्या हॉजसनच्या हातात होता. १८२०च्या दशकात बर्टनवाले त्यात उतरले आणि याच पाण्याच्या जोरावर पुढे गेले. जिप्सम भाजलं की त्याचंच पीओपी होतं. ज्याच्या गणेशमूर्तींवरून आपल्याकडे दरवर्षी वाद होतो, त्याचा कच्चा माल मी बिअरमध्ये घालतो. आईला हे सांगितलेलं नाही.

सकाळी ६.००

सातू भरडायचे होते. मॉल्ट म्हणजे दुसरं काही नाही, मोड आणून भट्टीत वाळवलेले सातू. लहान मुलांना नाचणीचं सत्त्व देतात, तेही मोड आणूनच करतात, आणि कारणही तेच. मोड फुटताना दाण्यात अशी विकरं तयार होतात की जी पिठूळ स्टार्चची साखर करतात. माझ्याकडचा मॉल्ट मारिस ऑटर जातीचा. १९६०च्या दशकात केंब्रिजच्या पीक पैदास केंद्रात ही जात तयार झाली आणि तिथल्या मारिस लेन या रस्त्याचं नाव तिला मिळालं. आजचं माप : मारिस ऑटर ३ किलो ६०० ग्रॅम, फेसासाठी थोडे गहू, रंगासाठी मूठभर खरपूस क्रिस्टल मॉल्ट. सगळं मिळून चार किलोला थोडं कमी.

हे दळायचे नसतात, भरडायचे असतात. दाणा आतून फुटला पाहिजे, टरफल शक्यतो अख्खं राहिलं पाहिजे. पीठ झालं तर चिखल होतो, नुसता चेचला तर साखर आतच अडकते. एरवी मी गिरणीला ड्रिल मशीन लावतो. पण शनिवारी सकाळी सहाला ड्रिल चालवलं तर पलीकडचे आजोबा पुन्हा माझ्याशी बोलणार नाहीत. म्हणून हाताची मूठ लावली. चार किलो हातानं फिरवताना दंड भरून आला, तेव्हा रोलरमधली फट थोडी सैल केली. भराभर संपलं. ही ‘थोडी सैल’ पुढे महागात पडली.

६९ अंशांच्या पाण्यात मोठं फडकं सोडलं, त्यात भरड ओतत ओतत लाकडी वल्ह्यानं ढवळत राहिलो. गाठ एकही राहता कामा नये. पिठल्याच्या वेळी ज्याच्या हाताला शिस्त असते त्याला हे जमतं. थर्मामीटर ६६वर स्थिरावला. ६६ म्हणजे मधली वाट. साखर करणारी दोन विकरं आहेत, एकाला साठ-पासष्टचा उबारा मानवतो, दुसऱ्याला सत्तरच्या आसपासचा. खाली राहिलं तर बिअर पातळ आणि कोरडी होते, वर गेलं तर गोडसर आणि जड. भांड्याला जुने टॉवेल गुंडाळले आणि तासाचा गजर लावला.

सकाळी ६.३५

आईचा फोन. सांगलीत अकरा वाजून गेलेले.

“काय करतोयस रे एवढ्या सकाळी?”

“बिअर.”

“अजून सुटलं नाही का ते? आणि पोलीस-बिलीस नाहीत ना येत?”

हा प्रश्न ती दर वेळी विचारते आणि तिच्या जागी तो बरोबरच आहे. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. दारू प्यायलासुद्धा कागदोपत्री परवाना लागतो आणि घरी गाळली तर सरळ गुन्हा. इथे ब्रिटनमध्येही १८८०पासून घरी बिअर करणाऱ्याला परवाना घ्यावा लागायचा. १९६३मध्ये अर्थमंत्री मॉडलिंग यांनी तो काढून टाकला. आता स्वतःसाठी आणि मित्रांसाठी हवी तेवढी करा. विकायची तेवढी नाही.

“आंबवतोस कशात मग? थंडी असते ना तुमच्याकडं?”

“असंच, काहीतरी गुंडाळून.”

“माझी गोधडी नको हां वापरू त्याला.”

मी म्हटलं, छे.

सकाळी ७.१५

पांढऱ्या बशीत पळीभर काढा घेतला आणि त्यात आयोडीनचा थेंब टाकला. आठवीच्या प्रयोगशाळेत बटाट्याच्या फोडीवर टाकायचो तोच. निळाकाळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे. थेंब तांबूसच राहिला, फक्त कडेला जिथे टरफलाचा कण होता तिथे निळी रेघ उमटली. मी बशी फिरवून रेघ बघितली नाही असं केलं.

मग फडकं उचलायचं. गॅरेजच्या तुळईला कप्पी बसवली आहे. दोरी ओढली की अख्खं गाठोडं वर जातं आणि त्यातून मधासारखा गोड काढा भांड्यात गळत राहतो. श्रीखंडाला चक्का टांगतात तसं, फक्त हा चक्का सात-आठ किलोचा आणि हात भाजेल इतका गरम. जाड हातमोजे घालून पिळला. पिळू नये, टरफलाचा तुरटपणा उतरतो असं पुष्कळ जण सांगतात. मी वर्षानुवर्षं पिळत आलोय, तुरट लागलेली नाही.

खाली उरला तो चोथा. तो पलीकडच्या आजोबांचा. नगरपालिकेनं भाड्यानं दिलेल्या पट्टीवर ते कांदे-बटाटे लावतात, त्यांच्या खताच्या ढिगात तो जातो. बायकोनं एकदा त्याची थालीपिठं लावली होती. चव छान, पण जेवण झाल्यावर सगळे जण दात कोरत बसले होते.

सकाळी ७.४०

उकळी येण्याआधी काढ्याची घनता मोजली. हायड्रोमीटर म्हणजे दूध डेअरीतल्या लॅक्टोमीटरचा भाऊ. काचेची नळी तरंगते, जेवढी साखर जास्त तेवढी ती वर उचलली जाते. नमुना आधी थंड करावा लागतो, गरम असेल तर आकडा खोटं बोलतो. गार पाण्यात पेला ठेवून पाच मिनिटं थांबलो. १.०३४ यायला हवं होतं. आलं १.०३१.

गिरणीची सैल फट. दाणे फुटले नाहीत, चेचले गेले, आणि साखर टरफलासकट आजोबांच्या ढिगात निघाली.

असंच पुढे गेलो असतो तर साडेतीन टक्क्यांची पाणचट बिअर झाली असती. पुन्हा भरडायला वेळ नव्हता आणि घरात मॉल्टही नव्हता. बेरीज मांडली. साडेपंचवीस लिटर काढा, तीन अंशांची तूट, म्हणजे साधारण पाव किलो साखर. इंग्लंडात बिअरमध्ये साखर घालणं जुनंच आहे, त्यात पाप नाही. पण कपाटात पांढरी साखर चहापुरती होती. गूळ मात्र होता. कोल्हापुरी, पिवळाधमक, दिवाळीत कुणीतरी आणलेली ढेप. पाव किलो फोडून टाकला. आपण इंग्लिश बिटर करत होतो, आता तिला पंचगंगेकाठचा एक मामा झाला.

सकाळी ८.१०

उकळी. इथे जागचं हलायचं नाही. उसाच्या काहिलीवर असतं तसंच, आधी पिवळट मळी वर येते, भांड्याच्या काठापर्यंत चढते आणि क्षणभर थांबून विचार केल्यासारखं करते. त्या क्षणी आंच कमी करून पाण्याचा फवारा मारला नाही तर अर्धी बिअर फरशीवर. दूध उतू जातं ते परवडलं, हे चिकटतं आणि मुंग्या आठवडाभर येतात. मळी फुटून खाली बसली आणि काढा स्वच्छ गडगडायला लागला.

मग हॉप्स. ईस्ट केंट गोल्डिंग्ज, केंटच्या मळ्यातले, हिरव्या गोळ्यांच्या रूपात. तीस ग्रॅम सुरुवातीला, कडवटपणासाठी. पंधरा ग्रॅम शेवटच्या पाव तासात, चवीसाठी. आणखी तीस ग्रॅम आंच बंद केल्यावर, फक्त वासासाठी. कडवटपणा उकळल्यावाचून उतरत नाही आणि वास उकळल्यावर राहत नाही, म्हणून एकाच वस्तूचे असे तीन हप्ते. फोडणी आधी, कोथिंबीर शेवटी.

उकळ तासाभराची. खरं सांगायचं तर ती अर्ध्या तासात आटोपण्याचा मोह झाला होता. पण फिक्या मॉल्टमध्ये गंधकाचं एक द्रव्य असतं, ते वाफेबरोबर जावं लागतं. नाही गेलं तर बिअरला शिजवलेल्या कोबीचा वास येतो. म्हणून झाकणही ठेवायचं नाही. दार उघडं, वाफ गल्लीत. बायको पोह्यांची बशी घेऊन आली आणि नाक मुरडून म्हणाली, “ओल्या गोणपाटासारखा वास येतोय.” हॉप्सच्या वासाचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा एक गोळी टाकली, आयरिश मॉसची. हे समुद्री शेवाळ आहे. गाळ धरून तळाशी बसवतं. गुऱ्हाळात रस निवळायला रानभेंडीचा चीक घालतात, काम तेच. इंग्लंडात बिअर निवळायची जुनी रीत वेगळी आहे. तिला आयसिंग्लास म्हणतात, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या वायुपिशवीचा अर्क. पन्नाशीला येणारे निम्मे पाहुणे कांदा-लसूणसुद्धा विचारून खातात. त्यांना माशाच्या पिशवीतून निथळलेली बिअर पाजून वर गप्प बसणं मला जमणार नाही.

सकाळी ९.१५

तांब्याच्या नळीचं वेटोळं उकळत्या काढ्यात सोडलं आणि नळीतून गार पाणी. नेहमी वीस अंशांपर्यंत खाली आणायचं असतं, आणि उन्हाळ्यात नळाचं पाणी कोमट असल्यानं शेवटचे दहा अंश जिवाला खातात. आज ३८वर थांबायचं. बारा मिनिटांत काम झालं. एवढा वेळ कधीच वाचला नव्हता.

हे त्या नॉर्वेच्या यीस्टमुळे. नॉर्वेच्या पश्चिमेला व्होस नावाचा भाग आहे. तिथल्या शेतकरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या एक यीस्ट जपलेलं आहे, त्याला क्वाइक म्हणतात. इतर यीस्टला एवढ्या उबेत ताप चढतो आणि बिअरला रंगाच्या डब्याचा वास येतो. क्वाइक चाळिशीतही खुशीत असतं, तीन-चार दिवसांत काम संपवतं आणि वर संत्र्याच्या सालीसारखा वास ठेवून जातं. पूर्वी ते लाकडी कड्यांवर लेप देऊन वाळवत आणि पुढच्या बिअरपर्यंत टांगून ठेवत. कुणाचं बिघडलं तर शेजाऱ्याकडून उसनं आणायचं. लार्स मारियुस गार्शोल या नॉर्वेच्याच माणसानं गावोगाव हिंडून हे सगळं टिपलं आणि २०२०मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक काढलं. ते वाचताना मला सारखी सांगलीची गल्ली आठवत होती. वाटी घेऊन ‘काकू, विरजण आहे का?’ म्हणत मी किती दारं वाजवली असतील!

माझं विरजण फ्रीझरमध्ये असतं. गेल्या वर्षीच्या बिअरच्या तळाचा साका बेकिंगच्या कागदावर पसरून वाळवला होता. कुस्करलेल्या पापडासारखे त्याचे तपकिरी तुकडे झालेत. पिंपात काढा ओतताना चहावाला ओततो तसा उंचावरून ओतला. यीस्टला सुरुवातीला हवा लागते. पुन्हा घनता बघितली : १.०४०. गुळानं लाज राखली. मग चमचाभर तुकडे वर भुरभुरले.

नॉर्वेत म्हणे यीस्ट टाकताना जोरात ओरडायची पद्धत होती, बिअर तेज व्हावी म्हणून. मुलगा याच एका कामासाठी अंथरुणातून उठून आला होता. त्यानं गॅरेज दणाणेल असं “कम ऑन यू रॅम्स!” ठोकलं. डर्बी काउंटीच्या फुटबॉलच्या मैदानावर हीच आरोळी चालते. ड्रिल वाचवून उपयोग झाला नाही, आजोबांच्या खिडकीचा पडदा हलला.

आता पिंप आठवडाभर नाही तरी तीन दिवस ३८ला ठेवायचं. खाली गरम पट्टा लावला. वरून काय? कपाट उघडलं. ब्लँकेटं सगळी माळ्यावर. समोर गोधडी. आईच्या नऊवारीचे आणि माझ्या शाळेच्या खाकी चड्डीचे तुकडे, पांढऱ्या दोऱ्याचे बारीक धावते टाके. तिच्यासारखी ऊब धरणारं घरात दुसरं काही नाही, हे आईलाही मान्य होईल.

सकाळी १०.००

धुणं. आजचा सगळ्यात मोठा तुकडा हाच, आणि यात सांगण्यासारखं काही नाही असं लोकांना वाटतं.

१८७१मध्ये लुई पाश्चर लंडनच्या एका मोठ्या बिअर कारखान्यात गेला होता. बिघडलेल्या बिअरचे थेंब त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि यीस्टच्या गोल दाण्यांत काड्यांसारखे लांबट जीव हिंडताना दाखवले. तोवर बिअर ‘आजारी पडते’ असं म्हणायचे, कशानं ते कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या आंबट बिअरला सूक्ष्मदर्शक लागला नाही. जुन्या पिंपाची तोटी खोलली. आत रबरी कडं, त्यामागे दुधी रंगाचा बुळबुळीत थर. नखानं खरवडला तर ताकाचा वास आला. तो जंतू ताकातल्याचाच भाऊबंद. तिथे आपण त्याला मायेनं ठेवतो, इथे हाकलतो.

तोटी कचऱ्यात. नव्या पिंपाला तोटीच नाही, नळीनं काढायचं. तांब्याचं वेटोळं व्हिनेगरनं पुसलं. फडकं तीनदा खळबळून उन्हात. भांड्याच्या तळाला हॉप्सचा हिरवा गाळ बसतो, तो मात्र आजोबांच्या ढिगात जात नाही. कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात, आणि आजोबांचा म्हातारा लॅब्रॅडोर त्या ढिगात तोंड घालतो. गाळ पिशवीत बांधून कचरापेटीत टाकला. केग आधी गरम धुण्याच्या पाण्यानं, मग जंतुनाशकानं. त्याची प्रत्येक झडप, प्रत्येक रबर सुटं करून वाटीत. सहा रबरं मोजून काढली, सहा मोजून लावली. बारा वाजले.

दुपारी १२.१५

गॅसची टाकी. दाबाचा काटा छान वर होता. पण काट्यावर जाण्यात अर्थ नाही. टाकीत कार्बन डायऑक्साइड द्रवरूप असतो, आणि शेवटचा थेंब संपेपर्यंत दाब तोच दिसतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरचं कसं, भरलेलं आहे की नाही हे उचलल्यावरच कळतं. टाकी वजनकाट्यावर ठेवली. मानेवर कोरलेलं रिकामं वजन आणि काट्यावरचं वजन यांत जेमतेम दोनशे ग्रॅमचा फरक. एका केगला पुरलाही असता. पण एखादी झडप रात्रभर गळली तर शुक्रवारी रात्री मी काय तोंडानं फुंकणार? टाकी बदलून देणारं दुकान शनिवारी दोनला बंद होतं. निघालो.

दुपारी १.५०

परतीच्या वाटेवर मुलाचा फोटो आला. खाली एवढंच लिहिलेलं : “बाबा, हे असं असतं का?”

हे असं नसतं. झाकणावरच्या एअरलॉकमधून, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या बारक्या नळीतून, तपकिरी फेसाचा झरा वाहत होता, गोधडीवरून खाली, आणि गॅरेजच्या फरशीवर त्याचं तळं. इंग्लिश यीस्ट जागं व्हायला एक रात्र घेतं. याला चार तासही लागले नव्हते. वीस लिटर काढा पंचवीस लिटरच्या पिंपात आणि वर ३८ अंशांची ऊब. जागा कमी पडणार हे मला कळायला हवं होतं.

एअरलॉक काढला. त्याच्या जागी अंगठ्याएवढी जाड नळी बसवली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बादलीत. आता येऊ दे किती येतोय फेस. बादलीत भडाभडा बुडबुडे सुटले, कढईत भजी सोडल्यासारखे. पिंप पुसलं, फरशी पुसली. गोधडी उलगडून बघितली. नऊवारीच्या जांभळ्या तुकड्यावर हातभर डाग, हॉप्सचे हिरवे कण धावत्या टाक्यांत अडकलेले. थंड पाण्यात भिजत घातली. पिंपावर मुलाची स्लीपिंग बॅग चढवली, त्याच्या निषेधासह.

संध्याकाळी ६.३०

मधल्या चार तासांत मी झोपलो होतो. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

उठल्यावर आठवड्याचा कागद फ्रिजच्या दाराला लावला. सोमवारी संध्याकाळी घनता बघायची, १.०१०च्या आसपास यायला हवी. मंगळवारी पुन्हा बघायची. दोन्ही आकडे सारखे आले तरच यीस्टचं काम संपलं असं धरायचं, नुसते बुडबुडे थांबले म्हणून नाही. बुधवारी पिंप गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये, ३ अंशांवर, गाळ बसायला. गुरुवारी रात्री केगमध्ये, आणि दीड दिवस चढा दाब. थंडीत बिअर गॅस धरते, गरम असेल तर सोडून देते, त्यामुळे फ्रिजनं दगा दिला तर सगळंच गेलं. शुक्रवारी रात्री पहिला पेला. त्यात काही वावगं निघालं तर शनिवारी सकाळी सुपरमार्केट उघडतंच.

बायकोनं कागद वाचला. “बुधवारी तुझं पालक-शिक्षक आहे.”

“पिंप फ्रिजात ठेवायला दहा मिनिटं लागतात.”

“वीस लिटर उचलायला कोण आहे?”

कागदावर मी ‘बुधवार, ५.३०, मुलगा’ असं लिहिलं.

रात्री ९.१०

मित्राचा फोन. आवाजात अपराधीपणा.

“अरे, चाळीस म्हणालो होतो ना तुला? ते साठ झालेत. बर्मिंगहॅमचा ग्रुप येतोय.”

केग एकोणीस लिटरची. इंग्लिश मापानं तेहतीस पाइंट. चाळीस जणांत एकेक पाइंट देऊन निभावलं असतं, कारण त्यातले दहा तरी सरबतवाले. साठांत नाही. मी त्याला सरळ सांगितलं की पहिल्या तासापुरती माझी, नंतर दुकानाची. त्याला वाईट वाटलेलं नाही हे त्याच्या “बरं बरं”वरून कळलं. कदाचित मला जरा वाटलं.

“आणि कसली आहे? लागर का?”

“बिटर. बर्टनचं पाणी, केंटचे हॉप्स, नॉर्वेचं विरजण.” गुळाचं सांगितलं नाही. त्याच्या सासूबाईंचं माहेर कोल्हापूर आहे. त्यांना ओळखता आलं तर बघू.

रात्री १०.४०

गॅरेजचा दिवा लावला. स्लीपिंग बॅगमध्ये हात घातला, पिंप ऐन तापात असलेल्या माणसासारखं. थर्मामीटर ३९. गरम पट्टा बंद केला. आता यीस्टची स्वतःचीच ऊब पुरे. बादलीतले बुडबुडे सकाळच्या पोह्यांच्या फोडणीइतके दाट राहिले नव्हते, पण खंड नव्हता. वास संत्र्याचा, आणि त्याच्या मागे, माझ्याच मनाचा खेळ असेल, किंचित काकवीचा.

आयोडीनची बशी अजून तशीच होती, तांबूस डाग आणि कडेची निळी रेघ. ती घासून ठेवली.

बायको मागच्या दारात उभी. अंगणात दोरीवर गोधडी टांगलेली होती, तिसऱ्यांदा धुतलेली, टपटपणारी. जांभळ्या तुकड्यावरचा डाग फिका झाला होता, गेला नव्हता.

“उद्या रविवार,” ती म्हणाली. “आईंचा व्हिडिओ कॉल असतो. स्वयंपाकघरातून बोललास तर मागची दोरी दिसते.”

मी गोधडी उतरवून न्हाणीघरात नेली.